बाबांना कसं पटवू? साधी फोन लाईन चालू आहे, मग ब्रॉडबँड कशाला

फिरस्ता_मी

मंडळी, मदत हवीये. आईबाबांच्या घरी अजून फक्त साधी फोन लाईन आहे, भिंतीतून आलेली दोन तारांची. नेट म्हणजे बाबांच्या मोबाईलवर जे काय येईल ते, आणि ते पण खिडकीत उभं राहिलं तर. व्हिडिओ कॉल लावला की आईचा चेहरा चौकोन चौकोन होतो आणि मागून बाबांचा आवाज येतो, "फोनवर बोल ना सरळ, स्वच्छ ऐकू येतं." आणि खरंच येतं हो.

ब्रॉडबँड घ्या म्हणून मी वर्षभर मागे लागलोय. त्यांचं म्हणणं असं की लाईन आहे, फोन चालतो, वीज गेली तरी चालतो, नेट लागलंच तर पूर्वी याच लाईनीवरून डायलअप (मोडेमने नंबर फिरवून नेट) करायचो तसं करू, आणि वेग वेग म्हणशील तर आम्हाला या वयात कसली घाई. यावर मला उत्तर सुचलं नाही.

फायबर अजून त्यांच्या रस्त्यावर आलेलं नाही, याच तारेवर डीएसएल देऊ असं कंपनी म्हणते. काहीतरी ठोस मुद्दे द्या, शक्यतो वेग सोडून.

उंटावरचा_शहाणा

वेग का सोडायचा? हिशोब करून दाखवा, आपोआप पटेल. डायलअप मोडेमवर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट, लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात ४०-४५ मिळाले तर देव पावला, म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ किलोबाइट. ४ एमबीचं गाणं उतरवायला साडेतेरा मिनिटं. ७०० एमबीची सीडीभर फाईल म्हणजे जवळजवळ ४० तास, तेही मध्ये लाईन एकदाही तुटली नाही तर. तीच फाईल ८ एमबीपीएसच्या (सेकंदाला ८ मेगाबिट) लाईनीवर १२ मिनिटांच्या आसपास. म्हणजे एका गाण्याच्या वेळात अख्खी सीडी.

आणि आजचं साधं वेबपान सुद्धा २ एमबीच्या वर असतं. बाबांना म्हणा डायलअप लावून बातम्यांचं एक पान उघडून दाखवा, सात मिनिटं लागतील, तोवर बातमी शिळी.

झोपाळू

वाचतोय. आमच्याकडे पण हाच सीन आहे, फक्त बाबांच्या जागी आजी.

कावळीण

उंटावरच्या शहाण्यांचा हिशोब बरोबर आहे पण त्याने वडील मंडळी पटत नाहीत. माझे नाही पटले. कारण त्यांना ४० तासांची फाईल उतरवायचीच नसते!

मी डायलअपच्या काळात वाढलेली आहे त्यामुळे सांगते. आमच्या घरी नेट "लावायचं" असायचं. आधी सगळ्यांना विचारायचं, कुणाला फोन करायचाय का, कुणाचा येणारे का. मग मेल आधीच लिहून ठेवायच्या, कनेक्ट न होता. मग तो मोडेमचा आक्रोश, टुं टीं खर्रर्र घुं, तो ऐकू आला की आतल्या खोलीतून ओरडा, "लावलं का परत?" मग झटपट मेल पाठवायच्या, आलेल्या उतरवायच्या, पानं उघडून ठेवायची आणि लाईन तोडून मग निवांत वाचत बसायचं. हे सगळं जमलं आणि शेवटची मेल जात असताना ताईने दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला की संपलं. परत पहिल्यापासून. एकदा मी अर्जाची फाईल पाठवत होते, नव्वद टक्के गेली होती, आणि ताईने फक्त "डायल टोन आहे का" बघायला रिसीव्हर उचलला. अजून विषय निघतो आमच्यात.

ब्रॉडबँड आलं तेव्हा वेग वाढला हे मला दोन दिवसांनी जाणवलं. पहिल्या दिवशी जाणवलं ते हे की विचारावं लागत नाही. एखादा शब्द अडला, उठून बघितला, संपलं. पाच सेकंदाच्या कामासाठी कुणी डायलअप लावत नसे, त्यामुळे ती पाच सेकंदांची कामं आयुष्यात अस्तित्वातच नव्हती. माझ्या मते खरा फायदा तो आहे. नेट हे "करायचं काम" राहत नाही, नळासारखं होतं. तुमच्या बाबांना घाई नसेल हो, पण वाट बघायची हौस तरी आहे का विचारा.

फिरस्ता_मी

कावळीण ताई, हा नळाचा मुद्दा भारी आहे, वापरणार. पण बाबा इंजिनियर आहेत, ते लगेच विचारतील की तार तीच आहे तर वेग कुठून आला, काहीतरी फसवणूक आहे.

तारमास्तर

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. अनेक वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली आहेत, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

तारेचा दोष कधीच नव्हता. माणसाचं बोलणं समजायला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढी पट्टी पुरते म्हणून फोनची सगळी व्यवस्था तेवढीच ठेवली होती, त्याच्यावरचं सगळं एक्सचेंजमधले फिल्टर कापून टाकायचे. पुढे डिजिटल एक्सचेंज आले तेव्हा तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजणीला ८ बिट, झाले ६४ किलोबिट. एका कॉलला एवढीच जागा. आता डायलअप मोडेम बिचारा काय करायचा, तर आकड्यांचा आवाज करून तो फोन कॉल म्हणून पाठवायचा. एक्सचेंजला वाटायचं कुणीतरी बोलतंय. म्हणजे कितीही हुशार मोडेम आणा, ६४ च्या वर जाताच येत नाही, आणि आवाजातून आकडे परत काढताना होणारी गळती धरून ५६ ला घोडं अडलं. १९९८ च्या व्ही.९० या मोडेमच्या मानकामध्ये ते ५६ सुद्धा फक्त येणाऱ्या डेटाला, जाणाऱ्याला ३३.६ च.

डीएसएलने काय केलं, तर कॉलच्या व्यवस्थेत शिरायचंच नाही असं ठरवलं. तार घरापासून एक्सचेंजपर्यंत नुसतं तांबं आहे, तिला ३४०० हर्ट्झचं काही बंधन नाही. मग खालची पट्टी बोलण्याला सोडून द्यायची आणि वरती साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत डेटा न्यायचा, जाणारा खालच्या भागात, येणारा १३८ किलोहर्ट्झच्या वर. ती पट्टी ४.३ किलोहर्ट्झच्या बारीक बारीक फाळक्यांत चिरायची आणि प्रत्येक फाळका म्हणजे जणू एक वेगळा छोटा मोडेम. ज्या फाळक्यात खरखर आहे तिथे कमी बिट घालायचे, स्वच्छ असेल तिथे जास्त, अगदीच वाईट असेल तर सोडून द्यायचा. एक्सचेंजमध्ये तार पोचली की डेटा बाजूला काढून डीएसएलॅम नावाच्या यंत्रामध्ये, आवाज नेहमीच्या वाटेने. दोघांची पुढे भेट नाही.

म्हणून फोनवर बोलता बोलता नेट चालतं, आणि म्हणून ते कायम जोडलेलं राहू शकतं. यात आमचा पण स्वार्थ होता बरं का. एक्सचेंजची क्षमता माणसं चार मिनिटं बोलून फोन ठेवतील या हिशोबाने धरलेली असायची. डायलअपवाले तासन् तास लाईन अडवून बसायचे. संध्याकाळी लोकांना डायल टोन मिळायला उशीर व्हायचा आणि शिव्या आम्हाला.

बाबा इंजिनियर आहेत ना, त्यांना एवढंच सांगा की पूर्वी तार वापरत नव्हतो, कॉल वापरत होतो. त्यांना लगेच कळेल.

बिनतारी

वाचनखूण साठवली आहे! मास्तर, हे एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

पण मग माझ्याकडे डीएसएल रडतखडत का चालायचं? जाहिरातीत २४ एमबीपीएस, मिळायचे ३.

तारमास्तर

अंतर. वारंवारता जितकी वरची तितकी ती तारेत लवकर मरते. २४ हा आकडा एडीएसएल२+ चा, म्हणजे एडीएसएल या नेहमीच्या डीएसएलच्या सुधारित प्रकाराचा, पट्टी दुप्पट करून २.२ मेगाहर्ट्झपर्यंत नेलेली, पण तो एक्सचेंजला खेटून राहणाऱ्यांसाठी. अडीच तीन किलोमीटरच्या पुढे ती वरची अर्धी पट्टी पोचतच नाही, मग साधं एडीएसएल काय आणि प्लस काय. मोडेमच्या पानावर अ‍ॅटेन्युएशन (तारेत सिग्नल किती क्षीण झाला ते) बघायचं, किलोमीटरला साधारण १४ डीबी, म्हणजे डेसिबल, धरा. ४५ च्या आसपास दिसलं म्हणजे तुम्ही सव्वातीन किलोमीटरवर आहात, आणि लक्षात ठेवा ते तारेचं अंतर आहे, तार गल्लीबोळ फिरून येते. शिवाय जुने सांधे असतील, पावसात गंजलेले, तर अजून कमी.

उंटावरचा_शहाणा

आणि बिट-बाइटची गफलत! जाहिरात बिटमध्ये, डाउनलोडची खिडकी बाइटमध्ये. ८ ने भागायचं विसरून माझ्या मेव्हण्याने कंपनीला फोन करून तासभर भांडण केलं होतं. हलकेच घ्या, मेव्हणे इथे वाचत असतील तर.

जुनीजाणती

सगळे एका सुरात गाताय म्हणून मी जरा विरोधी बाकावर बसते. घ्या ब्रॉडबँड, मीही घेतलंय, पण बाबा अगदीच चूक नाहीयेत.

एक, विजेचं. जुन्या फोनला वीज एक्सचेंजमधून त्याच तारेतून येते, घरात अंधार असला तरी डायल टोन असतो. हे साधं नाही. रात्री बेरात्री घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. फायबरवर गेलात की भिंतीवरच्या डब्याला तुमच्या घरची वीज लागते, वीज गेली की फोन पण गेला.

दोन, लाईनीला काय काय लटकवलंय ते बघा. काही घरात चोर-गजर फोन लाईनीवर असतो, लिफ्टमधला मदतीचा फोन असतो, फॅक्स असतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनवर यातली काही यंत्रं नीट बोलत नाहीत, कारण त्यांना साध्या कॉलची सवय.

तीन, कायम चालू म्हणजे दार कायम उघडं. डायलअपला दहा मिनिटं जोडलं जायचं. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर वर्म (नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरसचा प्रकार) आला तेव्हा विंडोजचं मशीन थेट नेटला जोडून नुसतं ठेवलं तरी लागण व्हायची, काही क्लिक करायची पण गरज नव्हती. राउटर मध्ये असला तर बरंच बाहेर अडतं पण त्याचा मूळ पासवर्ड कोण बदलतं? बाबा बदलणारेत का?

आणि हो, डायलअपचा विचार त्यांनी सोडून द्यावा, नंबर फिरवायला पलीकडे कुणी असायला पाहिजे ना. अमेरिकेतल्या एओएल या नेट कंपनीने सुद्धा सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केलं.

तारमास्तर

जुनीजाणती बाई, पहिल्या मुद्द्याला सलाम. ४८ व्होल्ट, एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांवर. आणि रिंग वाजताना त्याच्यावर ९० च्या आसपास एसी. तारेची टोकं दातांनी सोलत असताना कुणाचा तरी फोन यायचा ना, ते ज्याचं त्याला माहीत.

पण दोन गोष्टी. फिरस्ता यांना डीएसएल मिळतंय, फायबर नाही. आवाज खालच्या पट्टीत आहे तसाच राहतो, त्यामुळे वीज गेली तर नेट जाईल, फोन नाही. कंपनीला फक्त एवढं विचारून घ्या की फोन आहे तसा तांब्यावर ठेवणार का मोडेममधून देणार, हल्ली काही ठिकाणी दुसरं करतात.

दुसरं, त्यांच्याकडे फोन कुठला आहे? कॉर्डलेस असेल तर त्याचा स्टँड घरच्या विजेवरच चालतो. "वीज गेली तरी चालतो" म्हणणाऱ्या अर्ध्या घरांत कॉर्डलेस असतो आणि कुणी कधी तपासलेलं नसतं.

आणि हे तांबं पण कायमचं नाहीये. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय. सवय आत्ताच लावलेली बरी.

फिरस्ता_मी

मास्तर काका... आत्ता आईला फोन करून विचारलं. कॉर्डलेस आहे 🙂 बाबांना मी नाही सांगणार, आईच सांगणारे.

कावळीण

हाहाहा. झालं काम.

जाता जाता, कुणी आवाजाबद्दल बोललंच नाही. बाबा म्हणतात फोनवर स्वच्छ ऐकू येतं, पण मास्तरांनी सांगितलेली ३४०० ची पट्टी आठवा. "स" चा जो सूर आहे तो बराचसा त्याच्या वर असतो, तो फोनवर पोचतच नाही. "सोडा" म्हणलं की "फोडा" ऐकू येतं. माझ्या आत्याला थोडं कमी ऐकू यायला लागलं तेव्हा फोनवर तिची फार चिडचिड व्हायची, प्रत्येक नाव तीनदा. नेटवरून बोलायला लागलो तसं कमी झालं. तिथे आवाजाची पट्टी ७ किलोहर्ट्झपर्यंत किंवा वर पण जाते, आणि वर चेहरा दिसतो, ओठ दिसतात. आम्ही आपले समजत होतो की आत्याचे कान गेले.

झोपाळू

हे आजीला वाचून दाखवलं. म्हणाली "मी तरी तेच म्हणतीये, तुम्ही सगळे पुटपुटता."

बिनतारी

एक खबरदारी माझ्याकडून. एडीएसएलमध्ये येणारा वेग भरपूर, जाणारा अगदी बारीक, १ एमबीपीएसच्या आसपास. कुणी फोटो चढवायला लावले की सगळं घर ठप्प, उतरवणं पण, कारण "मिळालं मिळालं" अशी पोच परत पाठवायला सुद्धा जागा उरत नाही. मला वाटायचं कंपनीची बोंब आहे, निघाला बायकोचा मोबाईल, सहलीचे चारशे फोटो चढवत होता. व्हिडिओ कॉलच्या वेळी ते बंद ठेवायला सांगा.

फिरस्ता_मी

अपडेट. आईने कॉर्डलेसचा मुद्दा काढला, बाबा दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले लाव काय लावायचं ते. माळ्यावरून जुना वायरवाला फोन पण काढला आणि तो आता पलंगाशेजारी, विजेसाठी म्हणून. काल माणूस येऊन मोडेम जोडून गेला. फोन तांब्यावरच ठेवलाय, विचारून घेतलं.

आता त्रास असा की नेट चालतं पण कुणाचा फोन आला, रिंग वाजली, की पटकन तुटतं आणि दीड मिनिटाने परत येतं. आणि फोनवर मागे बारीक सूं आवाज. बाबांच्या चेहऱ्यावर "बघ, सांगितलं होतं" असं मोठ्या अक्षरात.

तारमास्तर

फिल्टर. कुठल्यातरी एका फोनला फिल्टर नाही. डीएसएल आलं की लाईनीवरच्या प्रत्येक यंत्राला, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, मधे तो छोटा डबीएवढा फिल्टर लागतो, नाहीतर रिंगचा धक्का वरच्या पट्टीत घुसतो आणि डेटाची सूं खालच्या पट्टीत. फक्त मोडेमला लावायचा नाही. सगळे फोन काढा, मोडेम मुख्य सॉकेटला लावा, मोबाईलवरून लाईनीवर फोन करा, नेट टिकलं तर एकेक फोन परत जोडत जा. जो जोडल्यावर बिघडेल तो चोर.

फिरस्ता_मी

सापडला!! दोन फोनना फिल्टर होते, आणि नेट तरी तुटत होतं. मग आईला आठवलं की कपाटामागे एक जुना सॉकेट आहे. कपाट सरकवलं, मागे फोन! जुना, चकतीचा, तार जोडलेली, कुणी किती वर्षं बघितला नव्हता. घंटी पूर्वीच बिघडलेली त्यामुळे वाजायचा नाही, पण लाईनीवर होताच. तो काढला आणि सूं पण गेली आणि तुटणं पण. अ‍ॅटेन्युएशन ३१ दाखवतोय, म्हणजे सव्वादोन किलोमीटर, बरोबर ना काका? १० एमबीपीएस मिळतायत.

आई काल बहिणीशी सव्वा तास बोलली, चेहरा चौकोन न होता.

जुनीजाणती

छान झालं. पासवर्ड बदलला का?

फिरस्ता_मी

बदलला आणि कागदावर लिहून मोडेमखाली ठेवलाय. माहितीये, माहितीये. पण बाबांनीच ठेवलाय.

आता एकच उरलंय. बाबा रोज रात्री झोपताना मोडेमचं बटण बंद करतात आणि सकाळी चालू करतात. म्हणतात वापरत नसताना लाईन कशाला अडवायची. मी सांगितलं अडत नाही, ऐकत नाहीत. असू दे का?

तारमास्तर

शक्यतो नको. एक्सचेंजकडचं यंत्र लाईनीवर नजर ठेवून असतं. वरचेवर तुटताना दिसली की त्याला वाटतं लाईन अस्थिर आहे, मग ते आपणहून वेग उतरवतं. दिवसातून एकदा बंद केल्याने बहुतेक काही होणार नाही, पण नवीन जोडणीचे पहिले काही दिवस तरी अखंड चालू राहू द्या, तेव्हाच ते लाईनीचा अंदाज घेत असतं. बाबांना हे कारण सांगा, इंजिनियर आहेत, पटेल.

फिरस्ता_मी

सांगितलं. नीट ऐकून घेतलं, "हं, म्हणजे ट्रेनिंग पिरियड" म्हणाले. रात्री परत बंद. शेवटी आईने फोडलं. मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकतात आणि ते बरोबर पलंगासमोर येतात, झोप लागत नाही त्यांना. लाईन अडायचा काही संबंध नव्हता.

कावळीण

दिव्यांवर काळी चिकटपट्टी. हवेची भोकं तेवढी झाकू नका.

फिरस्ता_मी

लावली. दोन रात्री झाल्या, चालू आहे.